स्वरूपाचा अभिप्राय

१

आमच्या मंडळात लिहिलेलं पान शिवायची पद्धत आहे. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण ती पद्धत आमच्याच करणीनं पडली. बारामती-इंदापूर भागातल्या आम्ही नऊ जणी. एका वेळी एकच पुस्तक घ्यायचं, चिठ्ठ्या टाकून नंबर लावायचे, प्रत्येकीनं पंधरा दिवस ठेवायचं आणि सोबतच्या वहीत अभिप्राय लिहून पुढचीकडं द्यायचं. पहिल्या वर्षी काय व्हायचं, पहिलीनं 'हृदयस्पर्शी' लिहिलं की खालच्या सगळ्या जणींच्या हृदयाला ते बरोबर स्पर्शून जायचं. शेवटी छबूबाई चिडल्या. छबूबाई म्हणजे आमचं मंडळ चालवणाऱ्या, निवृत्त मुख्याध्यापिका. म्हणाल्या, "आता लिहून झालं की पान दुमडायचं आणि कडेनं सुईदोऱ्यानं शिवून टाकायचं. सगळ्यांचं झालं की बैठकीत मी उसवीन आणि मोठ्यानं वाचीन. तोवर कुणी कुणाचं बघायचं नाही."

तेव्हापासून आम्ही पानं शिवतो.

मी मेघना. बारामतीत इंदापूर रस्त्याला आमचं घर आहे, तिथंच मी ब्लाऊज शिवते. आता खरं सांगून टाकते, पुढं लपवून उपयोग नाही. सहा वर्षं मी माझ्या आधीच्या सगळ्यांची पानं उसवून वाचत आले. उसवणं हा माझा धंदाच आहे. बारीक पात्यानं टाका उचलायचा, दोरा न तोडता काढायचा, वाचायचं, आणि त्याच भोकांतून तोच दोरा परत घालायचा. एकदा बाकीच्यांचं कळलं, की आपला अभिप्राय सगळ्यांहून वेगळा उतरायला किती वेळ लागतो? दर बैठकीला बाई म्हणायच्या, "उत्तम अभिप्राय, मेघना." मग पुढचं पुस्तक निवडायचा मान माझा. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, एकुलती एक मुलगी पुण्याला नर्स, घरात मी आणि मशीन. माझं म्हणावं असं एवढंच होतं.

दोन वर्षांपूर्वी इंदापूरची स्वरूपा आली. नवऱ्याचं खताबियाणांचं दुकान, दोन मजली बंगला, स्वतः स्कूटीवरून येणार, केसांत एक साधी पिन, आणि तरी सगळ्या तिच्याकडं बघत राहणार. एका कादंबरीवर तिनं फक्त लिहिलं होतं, 'हे वाचून झाल्यावर मी दोन दिवस सासूबाईंशी नीट बोलले.' बास, एवढंच. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मी दीड पान लिहिलं होतं, त्यात समाजव्यवस्था होती, स्त्रीमन होतं, सगळं होतं. तेव्हापासून 'उत्तम अभिप्राय' म्हटलं की स्वरूपा. मी तोंडदेखलं हसून टाळ्या वाजवायची आणि घरी येऊन मशीन जोरात चालवायची. माझ्या पोटात दुखत होतं, ते मी कबूल करते.

२

ह्या वेळचं पुस्तकही तिनंच निवडलं. 'सोडलेली खोली'. साठेक वर्षांपूर्वीची कादंबरी, आता कुठं मिळत नाही, बाईंच्या कपाटात एकच प्रत. बाई म्हणाल्या, जुलमी राज्यावर पुढं ढिगानं लिहिलं गेलं, पण ही वाचल्याशिवाय ते वाचू नये.

गोष्ट साधी आहे. एका गावात हुकूम येतो, की प्रत्येक घरानं एक खोली सोडायची. तिथं कुणी झोपायचं नाही, सामान ठेवायचं नाही, आत पाऊल टाकायचं नाही. एक खाट ठेवायची आणि उंबऱ्याबाहेर रोज तांब्याभर पाणी. कोण येणार, कधी येणार, काही सांगितलेलं नाही. शिपाई नाही, तुरुंग नाही, कुणाला चापट मारल्याचं एक पान नाही. लोक आधी कुरकुरतात, मग सवय होते, मग कुणाची खोली जास्त स्वच्छ यावरून भांडतात. आणि एक दिवस शेजारच्या खोलीत कुणीतरी आलं, आपल्याकडं नाही आलं, म्हणून झुरायला लागतात. जागा व्हावी म्हणून लेकरांना घराबाहेर काढतात. आलं ते कोण, ते लेखक शेवटपर्यंत सांगत नाही.

चिठ्ठीत स्वरूपाचा आठवा नंबर आला आणि माझा नववा. म्हणून पुस्तक आणायला मी इंदापूरला गेले.

तिच्या हॉलमध्ये सोफ्याला लागून एक खाट टाकलेली होती आणि तिच्यावर तिच्या सासूबाई, केसरबाई, गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. एवढा मोठा बंगला, आणि म्हातारी हॉलमध्ये.

"सासूबाई हॉलमध्ये कशा?" मी विचारलं.

"वरच्या खोलीत रंगकाम काढलंय, ताई," स्वरूपा म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मी हुंगलं. रंगाचा वास नव्हता. चुन्याचा, टर्पेंटाईनचा, कशाचाच नाही. मला राहवेना. बाथरूमच्या निमित्तानं उठले आणि जिन्याच्या चार पायऱ्या चढून वर मान केली. वर एकच दार बंद होतं. उंबऱ्याबाहेर पितळेचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला, त्यावर पेला उपडा घातलेला.

खाली आले तर केसरबाई माझ्याकडं बघत होत्या. "वर जाऊ नगं बाई," म्हणाल्या. "तितं कुणी जात न्हाय आता."

स्वरूपानं पुस्तक आणि वही कापडात बांधून दिली. देताना तिचा हात जरा रेंगाळला. "सावकाश वाचा हं," ती म्हणाली.

३

तीन दिवसांत मी कादंबरी वाचली. चौथ्या दिवशी दुपारी अभिप्राय लिहायला बसले आणि 'प्रस्तुत कादंबरी' एवढं लिहून अडकले. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक गाणी लावून जात होते आणि प्रत्येक ट्रॅक्टरला आमच्या घराची तावदानं थरथरत होती. मी वही चाळली. सात जणींची पानं एकेरी दुमडलेली होती. स्वरूपाचं जाड होतं. चार पानं एकत्र शिवलेली.

चार पानं. चार ओळींची बाई, आणि तिला ह्या पुस्तकावर चार पानं सुचली. मी पातं काढलं.

आधी बाकीच्यांची उसवली, म्हटलं क्रमानं जावं. पिंपळीच्या निंबाळकर वहिनींनी लिहिलं होतं: 'मी धान्याची खोली सोडून बघितली. आठव्या दिवशी आतून कुणीतरी घसा साफ केला. मालक म्हणालं मांजर असंल. मांजर घसा साफ करतं व्हय?' कोऱ्हाळ्याच्या जयवंताबाईनं दोनच ओळी: 'आमच्याकडं बाकी काही नाही. फक्त रोज पाणी कमी होतं.' मी एकेक उसवत गेले. सातही जणींनी खोली सोडली होती. सातही घरी काही ना काही झालं होतं.

पुस्तकाबद्दल कुणी लिहिलंच नव्हतं. चांगलं, वाईट, भाषा, पात्रं, काही नाही. मला वाटलं, ह्या बायका वेड्या झाल्यात. मग स्वरूपाची चार पानं उघडली.

'मी सासूबाईंची खोली सोडली,' तिनं लिहिलं होतं. 'सहाव्या दिवशी तांब्यातलं पाणी गळ्यापर्यंत उतरलं. नवव्या दिवशी खाट वाजली. दिवसभर उन्हातून चालून आलेलं माणूस जसं हळूच टेकतं, तशी. मला भीती वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटली. इतकी घरं असताना आमच्याकडं आलं, ह्याचंच भरून आलं.' अशी चार पानं. ते कसं बसतं, कुशीवर कसं वळतं, दुपारी पंख्याचं बटण कसं दाबतं. शेवटी एवढंच: 'आता शेवटचं एक घर राहिलं. तिथं येईल असं मला वाटत नाही. काही घरांत जागा असते, पण ती सोडायला मन लागतं.'

शेवटचं घर म्हणजे माझं.

घाबरायला हवं होतं. शहाणी बाई घाबरली असती किंवा हसली असती. मी मात्र अर्धा तास ती ओळ बघत बसले आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत राहिला. तिच्याकडं आलं. जयवंताबाईकडंसुद्धा आलं. आणि माझ्याकडं येणार नाही, असं ही खतंबियाणं विकणाऱ्याची बायको ठरवणार?

मी सगळी पानं होती तशी शिवली आणि निकिताच्या खोलीत गेले.

४

निकिता म्हणजे माझी मुलगी. पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे, दीड-दोन महिन्यांनी चार दिवस येते. तिची खोली मी तशीच ठेवली होती. कपाट, पुस्तकं, कबड्डीची मेडलं, फाटकी गोधडी जी ती टाकू देत नाही. दोन तासांत सगळं गोण्यांत भरून माळ्यावर टाकलं. खाट तेवढी ठेवली. फरशी पुसली, दार ओढलं, आणि तांब्याभर पाणी ठेवलं.

संध्याकाळी हे दुकानातून आले. "काय खूळ हाय हे?"

"वाळवी लागलीय. औषध मारलंय. आत जायचं नाही."

"आन पाणी कुणाला?"

"वाळवीला," मी म्हटलं. हे हसले आणि हातपाय धुवायला गेले. माझा नवरा असल्या गोष्टींत डोकं घालत नाही, म्हणून संसार झाला.

सहा दिवस झाले, तांब्या जसाच्या तसा. नववा दिवस गेला. मी मशीन बंद करून कान लावून बसायची. ब्लाऊज राहिले, गिऱ्हाइकं ओरडायला लागली. बाई मुलाकडं गेल्यामुळं बैठक पुढच्या शुक्रवारवर गेली होती, म्हणजे वेळ होता, पण माझ्याच्यानं धीर धरवेना. स्वरूपाला फोन केला. पुस्तक पोचल्याचं सांगायचं निमित्त काढलं.

"सासूबाई गेल्या का वर?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही हो ताई. अजून काम चाललंय." तेवढ्यात तिच्या मागून खोकल्याचा आवाज आला. जाड, पुरुषी, सवयीचा खोकला.

"सासरे का?"

 "सासऱ्यांना जाऊन चार वर्षं झाली, ताई," म्हणाली आणि फोन ठेवला.

फोन हातात धरून मी ओट्याशी उभी राहिले. दुसऱ्या कुणाच्या अंगावर काटा आला असता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं स्पष्ट, एवढं मोकळेपणानं तिच्याकडं, आणि मी नऊ दिवस उंबरा पुसतेय.

५

मग मी विचार केला. का येत नाही? खोली रिकामी होती का खरंच? दार उघडून बाहेरूनच बघितलं, आणि दिसलं. चौकटीच्या आतल्या बाजूला निकिताच्या रेघा होत्या. दर वाढदिवसाला तिला चौकटीला टेकवून उभी करायची आणि डोक्यावर पट्टी ठेवून रेघ मारायची. तिसऱ्या वर्षापासून सतराव्यापर्यंत. खालच्या पेन्सिलीच्या, वरच्या पेनाच्या. अकराव्या वर्षाच्या रेघेला तिनं स्वतः लिहिलं होतं, 'आईपेक्षा मोठी होणार.'

खोली सोडली म्हणायचं आणि चौकटीवर पोरीचं नाव ठेवायचं, ह्याला सोडणं म्हणत नाहीत. स्वरूपा तेच म्हणाली होती. मन लागतं.

ह्यांच्या दुकानातून सँडपेपर आणला. खालून सुरुवात केली. तिसरं वर्ष लगेच गेलं. वरच्या पेनाच्या रेघा लाकडात मुरल्या होत्या, त्यांना वेळ लागला. अकराव्या वर्षापाशी माझा हात थांबला. जिवाला चटका बसला, खोटं कशाला बोलू. मी थोडा वेळ चौकटीला टेकून बसले, मग डोळे मिटून घासलं.

भुसा झाडत होते तेवढ्यात निकिताचाच फोन आला.

"आई, शुक्रवारपासून चार दिवस सुट्टी मिळालीय. येते मी."

"नको येऊस."

"का गं?"

"तुझ्या खोलीत काम काढलंय."

"मी हॉलमध्ये झोपीन की."

"निकिता, नको म्हटलं ना. पुढच्या महिन्यात बघू."

  ती नर्सच्या आवाजात म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना? बीपीची गोळी घेतेस?"

"घेते," म्हटलं आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे जेवायला आले. ताटावर बसले, दोन घास खाल्ले आणि मान वर करून म्हणाले, "पोरगी आलीय व्हय?"

"नाही."

"मग आत कोण बसलंय?"

मी उठलेच. "काय ऐकलं तुम्ही?"

"खाट वाजली की आत्ता." ते परत भाजीकडं वळले. "मांजर असंल. खिडकी लाव नीट."

मला काही ऐकू आलं नव्हतं. सत्तावीस वर्षं ज्या माणसाला माझी हाक तीनदा मारल्याशिवाय ऐकू येत नाही, त्याला आधी ऐकू आलं. मी तांब्याकडं धावले. बोटभर पाणी कमी होतं. आनंद झाला, आणि तरी मनातून ह्यांचा राग जाईना.

ते दुकानात गेल्यावर मी खोलीच्या भिंतीला पाठ लावून बसले. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. हॉलची तावदानं थरथरली, स्वयंपाकघरातली भांडी किणकिणली. माझ्या पाठीमागच्या खोलीतून काहीच आवाज आला नाही. ती खिडकी सगळ्यांत सैल आहे, तिचं तावदान तर सायकल गेली तरी वाजतं. दुसरा ट्रॅक्टर गेला. तिसरा गेला. आतलं तावदान गप्प. आतून कुणीतरी त्यावर हात ठेवावा आणि ते गप्प राहावं, तसं.

मी स्वतःला समजावलं, की पुट्टी फुगली असेल, हवा बदललीय. मग खाट वाजली. हळू, दमून टेकल्यासारखी.

त्या संध्याकाळी मी अभिप्राय लिहिला. एक ओळही अडली नाही. तांब्याचं लिहिलं, तावदानाचं लिहिलं, चौकटीच्या रेघांचंसुद्धा लिहिलं. सहा पानं झाली. स्वरूपाहून दोन जास्त. पान शिवताना माझ्या हातून इतके एकसारखे टाके पडले, की मशीनचे वाटावेत.

६

शुक्रवारी दुपारी छबूबाईंच्या घरी बैठक. सगळ्या आल्या होत्या. पोहे झाले, चहा झाला, आणि बाईंनी कात्री घेतली. मी पदर सावरून बसले.

बाईंनी पहिलं पान उसवलं, वाचलं आणि हसायलाच लागल्या. निंबाळकर वहिनींनी तोंडात पदर कोंबला. बघता बघता सगळी खोली हसायला लागली, आणि सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

"रागावू नका हं, मेघनाताई," स्वरूपा म्हणाली. हसून तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. "आम्ही पान शिवून झाल्यावर गाठ मारतो. तुम्ही मारत नाही. तुम्ही मागं एक टाका घेऊन दोरा दाबता, टेलर लोक घेतात तसा. तुमच्याकडून वही आली की सगळ्या पानांच्या गाठी गायब. मला पहिल्याच पुस्तकाला कळलं होतं."

"दोन वर्षं सांगते ही," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, असू दे गं. मग ह्या पुस्तकाला सगळ्यांचं ठरलं, की जरा गंमत करू. तुझा नंबर शेवटी यावा म्हणून चिठ्ठ्याही मीच तशा लावल्या."

"तांब्या तुम्ही यायच्या आधी ठेवला," स्वरूपा म्हणाली. "सासूबाईंना पढवलं होतं. म्हातारी काय छान बोलली! आणि खोकला आमच्या ह्यांचा."

"आमच्या घरी धान्याला जागा पुरंना, खोली कुठनं सोडू?" निंबाळकर वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा हशा झाला.

माझे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी पण हसले. काय करणार? सहा वर्षांची चोरी पकडली गेली होती, आणि पकडणाऱ्या पोहे खायला घालत होत्या. सगळी भुतं स्वरूपाच्या डोक्यातून निघालेली. मग माझ्या घरातलं? बोटभर पाणी उन्हानं उडतं. मांजर खाटेवर बसतं. पुट्टी फुगते. कान लावून बसलेल्या बाईला काय वाटेल ते ऐकू येतं. माझं मलाच पटायला लागलं, आणि खरं सांगते, जरा बरंही वाटलं.

"थांबा, मेघनाचं राहिलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझी सहा पानं उसवली.

मी नको म्हणायच्या आत त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानाला बायका हसत होत्या. दुसऱ्याला थांबल्या. रेघांपाशी आल्यावर बाईंचा आवाज खाली गेला. तावदानाचं वाचून झालं, तेव्हा खोलीत कुणी पेलाही उचलत नव्हतं. बाईंनी वही मिटली आणि कात्री डब्यात ठेवली.

"उत्तम अभिप्राय," शेवटी म्हणाल्या, पण माझ्याकडं न बघता.

दोन वर्षांनी ते शब्द माझ्या वाट्याला आले होते.

चपला घालताना स्वरूपा शेजारी आली. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "ताई, ते तुम्ही रचलंय ना?"

मी दुसऱ्या चपलेत पाय सरकवला.

"मी एकदा खरंच खोली सोडून बघितली होती," ती हळू म्हणाली. "पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा, लग्नाआधी माहेरी. तिथल्या वाचनालयात होतं. दोन महिने पाणी ठेवलं. काही नाही झालं." तिनं माझ्या दंडाला धरलं. "मला बघायचंय. नेता का? फक्त बाहेरून बघते."

मी तिच्या स्कूटीवर मागं बसले. आयुष्यात एवढ्या ऐटीत मी कधी बसले नव्हते.

७

घराचं कुलूप उघडं होतं. हे दुपारी कधी कधी येतात, म्हणून मला काही वाटलं नाही. आत गेले तर हॉलमध्ये निकिताची बॅग.

नको म्हटलं तरी आली होती. आईच्या आवाजावरून काळजी वाटली असणार. तिच्याकडं घराची एक किल्ली असते.

"निकिता?" मी हाक मारली. उत्तर नाही.

"तुम्ही इथंच थांबा," मी स्वरूपाला म्हटलं आणि बोळातून पुढं गेले. उंबऱ्याबाहेर निकिताच्या चपला होत्या, तांब्याशेजारी, व्यवस्थित जोडून काढलेल्या. ही पोर आपल्या खोलीत जाताना कधी चपला काढत नाही. तांब्या रिकामा होता. तळाशी एक थेंब नव्हता.

दाराला चार बोटं फट होती.

निकिता जमिनीवर बसली होती, माझ्याकडं पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन. तिची वेणी सोडलेली होती. मान जरा पुढं झुकलेली, आणि केस मागं ओढले जात होते, जट सोडवताना ओढतो तसे, सावकाश, दुखू नये अशा बेतानं. मागची खाट दाराआड होती. मला खाटेचा एक पाय दिसत होता, लाकडी, आणि त्याच्या शेजारी फरशीवर एक सावली होती जी खाटेची नव्हती.

"निकिता," मी म्हटलं.

ती वळली नाही. "थांब ना आई," म्हणाली. लहानपणी मी तेल लावायला बसले की तिचा आवाज असा व्हायचा, पेंगुळलेला, सुखावलेला. "तू नंतर ये."

मग दार लागलं. ती जागची हलली नव्हती.

मी आई आहे. मी दार बडवायला हवं होतं. ओरडून गल्ली गोळा करायला हवी होती, ह्यांना फोन लावायला हवा होता. ते सगळं मला त्या क्षणी सुचलं, एकूण एक. पण त्याच्या आधी जे मनात आलं ते सांगते, कारण ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पाणी मी भरलं. उंबरा मी पुसला. रेघा मी घासल्या. आणि आत तिला घेतलं.

"ताई?" स्वरूपा बोळाच्या तोंडाशी आली होती. "काय दिसलं? मला बघू द्या ना."

मी निकिताच्या चपला पायानं दाराच्या आडोशाला सरकवल्या आणि वळले.

"काही नाही हो," मी म्हटलं. "रंगकाम काढलंय."

तिनं हुंगलं, मी तिच्या घरी हुंगलं होतं तसं. माझ्या पाठीमागं खाट वाजली, आणि तिनं ती ऐकली. मी तिच्याकडं बघत राहिले. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी लगेच ओळखलं, दोन वर्षं रोज मी ते आरशात बघत होते.

"बरं," ती म्हणाली. "येते मी." दारापर्यंत गेली, थांबली, परत फिरेल असं वाटलं, पण गेली. स्कूटीचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत मी जागची हलले नाही.

मग तांब्या उचलला, मोरीत नेऊन घासला आणि भरून आणून ठेवला. आत आता दोघं होती. मग स्वयंपाकघरात गेले आणि आणखी एक भरला.